तीनशेचा वेग, लाखोंची गर्दी आणि मधली जाळी : मोन्झाच्या नादखुळ्यांची गोष्ट

शर्यत संपते, गेट उघडतं आणि लाल टी-शर्ट, लाल टोप्या, लाल झेंडे घेतलेला माणसांचा लोंढा डांबरी ट्रॅकवर धावत सुटतो. वर बाल्कनीसारख्या मंचावर तीन ड्रायव्हर उभे असतात. खाली मुंगीला शिरायला जागा नसते आणि डोक्यांवरून एक भलामोठा झेंडा सरकत असतो, त्यावर काळा घोडा. हा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. बऱ्याच जणांना वाटतं, फुटबॉलची मॅच जिंकल्यावरचा गोंधळ असावा. पण तो आहे इटलीतल्या मोन्झा इथल्या मोटार शर्यतीचा. साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे फॉर्म्युला वनची शर्यत होते आणि अलीकडच्या काही वर्षांत तीन दिवसांत तीन लाखांहून जास्त माणसं तिथे जमली आहेत.

ज्याने घाटात उभं राहून बैलगाडा बघितलाय, 'भिर्रर्र' ऐकून ज्याच्या अंगावर काटा आलाय, त्याला या गर्दीचं वेड समजावून सांगायची फारशी गरज नाही. सांगायची गोष्ट वेगळी आहे. याच गर्दीने वेडापायी किती जीव गमावले, आणि वेड कमी न करता ती जिवंत कशी राहायला शिकली, ही ती गोष्ट.

तापाने फणफणलेली माणसं

इटलीत या चाहत्यांना 'तिफोसी' म्हणतात. एक चाहता असेल तर 'तिफोसो'. शब्दाचं नातं 'तिफो'शी, म्हणजे टायफस या तापाशी जोडतात. ताप डोक्यात गेलेला माणूस बडबडतो, उठून पळतो, त्याला आवरता येत नाही, तसा हा चाहता. फुटबॉलच्या चाहत्यालाही तिकडे हाच शब्द आहे, पण जगभरात 'तिफोसी' म्हटलं की फेरारीचा लाल जमावच डोळ्यांसमोर येतो. आपल्या कोल्हापूरकडच्या 'नादखुळा' या शब्दाचा हा सख्खा भाऊ म्हणायला हरकत नाही.

फेरारी ही मोटार कंपनी सगळ्यांना माहीत आहे, पण आधी शर्यतीचा संघ होता आणि गाड्यांचा धंदा नंतर आला, हे कमी लोकांना ठाऊक असतं. एन्झो फेरारी यांनी १९२९ मध्ये शर्यतीचा संघ काढला. गाडीवरचा उधळलेला काळा घोडा पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्चेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावर होता. बाराक्का लढाईत गेला. पुढे त्याच्या आईवडिलांशी एन्झोची ओळख झाली आणि हे चिन्ह शर्यतीच्या गाडीवर आलं. म्हणजे तिफोसी जो झेंडा नाचवतात त्याच्या मुळाशी एका शहीद पोराची आठवण आहे. मारानेल्लो या फेरारीच्या गावात संघ जिंकला की चर्चच्या घंटा वाजतात. गावची जोडी फायनलला आली की आपल्याकडे देवळासमोर गुलाल उधळतात, तसंच हे.

मोन्झाचा ट्रॅक मिलान शहराजवळ राजघराण्याच्या जुन्या, झाडांनी भरलेल्या बागेत आहे. १९२२ मध्ये अवघ्या ११० दिवसांत तो उभा राहिला. १९५० मध्ये फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून १९८० चा अपवाद सोडला तर ही शर्यत दरवर्षी इथेच झाली आहे. एक फेरी ५.७९३ किलोमीटरची, अशा ५३ फेऱ्या. सरळ पट्टे लांबलचक आणि वळणं मोजकी, त्यामुळे वेग प्रचंड. २०२० मध्ये लुईस हॅमिल्टनने इथे पात्रता फेरी मारली तिचा सरासरी वेग ताशी २६४ किलोमीटर होता. वळणावर ब्रेक मारून गाडी हळू केलेली धरूनही एवढा!

मग टीव्हीवर का बघत नाहीत?

हा प्रश्न गावातलं कुणीही विचारेल. ट्रॅकच्या कडेला बसलेल्या माणसाला शर्यत दिसते तरी किती? एका जागेवरून गाडी दोन-तीन सेकंद दिसते आणि गायब. मग ती परत यायला साधारण सव्वा ते दीड मिनिट. पुढे काय चाललंय हे समजायला मोठ्या पडद्याकडे बघा, लाऊडस्पीकरवरचा निवेदक ऐका, नाहीतर खिशातला मोबाईल काढा. घरी सोफ्यावर बसलेल्याला शर्यत जास्त नीट कळते, हे खरंच आहे.

पण घाटातली बारीही काही सेकंदांतच संपते. त्यासाठी माणूस पहाटे निघतो, उन्हात तासन् तास उभा राहतो. का, ते त्याला विचारून बघा. धड उत्तर मिळणार नाही. मोन्झातही तसंच. ताशी ३०० च्या पुढे गेलेली गाडी जवळून जाते तेव्हा तिचा आवाज कानाआधी छातीला कळतो. जळालेल्या रबराचा वास येतो. आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपल्याच गाडीसाठी घसा फोडत असतो. बाप पोराला खांद्यावर घेऊन येतो, पुढे ते पोरगं स्वतःच्या पोराला आणतं. १९५५ मध्ये बांधलेला, कलत्या भिंतीसारखा चढणारा जुना ट्रॅक आता वापरात नाही, पण अजून उभा आहे. शर्यतीच्या दिवसांत लोक त्यावर चढून फोटो काढतात. पूर्वी तर पोरं झाडांवर आणि जाहिरातींच्या मोठ्या फलकांवर चढून शर्यत बघायची. तिकीट हा प्रकार सगळ्यांनाच मान्य होता असं नाही.

या वेडाची खरी परीक्षा हरण्याच्या काळात होते. २००७ नंतर २०२५ पर्यंत फेरारीचा एकही ड्रायव्हर जगज्जेता झाला नाही. तरी लाल जमाव कमी झाला नाही. २०१० मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोन्झा जिंकलं, त्यानंतर नऊ वर्षं घरच्या मैदानावर विजय नाही. २०१९ मध्ये शार्ल लक्लेर जिंकला तेव्हा मंचाखालची गर्दी बघण्यासारखी होती. २०२४ मध्ये त्यानेच पुन्हा जिंकून दाखवलं.

पण जुने तिफोसी सगळ्यात जास्त रंगून सांगतात ते १९८८ चं. त्या वर्षी १४ ऑगस्टला एन्झो फेरारी वारले. चार आठवड्यांनी मोन्झाची शर्यत. त्या मोसमात मॅकलॅरेन संघ सगळ्यांना धुऊन काढत होता, सोळापैकी पंधरा शर्यती त्यांनी जिंकल्या. मोन्झातही आयर्टन सेना पुढे होता आणि दोनच फेऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडताना त्याची टक्कर झाली. त्या गाडीत होता बदली ड्रायव्हर, कारण मूळ ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलला कांजिण्या झाल्या होत्या! सेना बाहेर गेला. फेरारीचा गेरहार्ड बर्गर पहिला आणि फेरारीचाच मिकेले आल्बोरेतो दुसरा. मॅकलॅरेनने हरलेली सोळावी शर्यत ती हीच. म्हाताऱ्यानेच वरून हात दिला, असं इटलीत आजही म्हणतात.

हा जमाव प्रेम करतो तसा छळतोही. २०१८ मध्ये हॅमिल्टनने फेरारीला तिच्या दारात हरवलं तेव्हा मंचावर त्याची हुर्यो उडवली गेली. २०२५ मध्ये तोच हॅमिल्टन लाल कपडे घालून फेरारीच्या गाडीत बसला आणि त्याच गर्दीला आपला वाटायला लागला. पार्टी बदलली की कार्यकर्ते घोषणा बदलतात, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

काडीच्या कुंपणामागे उभी माणसं

आता दुसरी बाजू. ती रीलमध्ये येत नाही.

सुरुवातीच्या काळात मोटार शर्यती उघड्या रस्त्यांवर होत. इटलीत 'मिल्ले मिल्या' नावाची हजार मैलांची शर्यत होती. ब्रेशा गावातून निघायचं, रोमला जायचं, परत यायचं. वाटेतल्या प्रत्येक गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या असत. मधे काहीही नाही. १२ मे १९५७ ला शेवट जवळ आला असताना गुइदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. गाडी उडून माणसांत घुसली. ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार गेलेच, शिवाय रस्त्याकडेला उभी नऊ माणसं गेली. त्यातली पाच लहान मुलं होती. एन्झो फेरारींवर मनुष्यवधाचा खटला चालला, त्यातून ते १९६१ मध्ये सुटले. पण मिल्ले मिल्या मात्र वेगाची शर्यत म्हणून तिथेच संपली.

त्याआधी ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल मान्स इथे मोटार शर्यतीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट दिवस उजाडला होता. एक मर्सिडीज पुढच्या गाडीवर चढून हवेत उडाली. इंजिन आणि पुढचे भाग सुटून थेट प्रेक्षकांत गेले. ऐंशीहून जास्त माणसं मेली. शर्यत मात्र थांबवली नाही. ऐकून संताप येतो, पण आयोजकांनी दिलेलं कारण असं होतं की शर्यत थांबली असती तर लाखोंची गर्दी एकदम रस्त्यावर आली असती आणि ॲम्ब्युलन्स अडकल्या असत्या. यात्रेच्या संध्याकाळी गावच्या रस्त्यावर अडकलेला माणूस हे कारण लगेच समजू शकतो. या घटनेनंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली, ती कायद्यातून पूर्ण जायला २०२२ साल उजाडलं.

आणि खुद्द मोन्झा. १९२८ मध्ये इथे एक गाडी प्रेक्षकांत घुसून वीसहून जास्त माणसं मेली होती. मग १० सप्टेंबर १९६१. फेरारीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. दुसऱ्याच फेरीत शेवटच्या मोठ्या वळणाआधी त्याची जिम क्लार्कच्या गाडीशी टक्कर झाली. गाडी कडेच्या उतारावर चढली. तिथे तारेच्या जाळीला अगदी चिकटून लोक उभे होते. फॉन ट्रिप्स आणि १५ प्रेक्षक मेले. ज्या लाल गाडीला ओरडून बळ द्यायला ते आले होते, तिनेच त्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी फेरारीचाच फिल हिल शर्यत जिंकून जगज्जेता झाला.

गर्दीला धोका कळत नव्हता का? कळत होता. पण जवळ उभं राहणं ही मर्दुमकी होती. त्याचं टोक दिसलं १९८६ मध्ये, पोर्तुगालच्या रॅलीत. रॅली म्हणजे साध्या रस्त्यांवरची, मातीच्या वाटांवरची शर्यत. तिथे लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि गाडी अगदी अंगावर आली की बाजूला व्हायचे. काही जण तर जाणाऱ्या गाडीला हात लावायची पैज मारायचे. त्या वर्षी एका ड्रायव्हरने माणसांना चुकवायला गाडी वळवली, ताबा सुटला आणि गाडी दुसऱ्या बाजूच्या गर्दीत गेली. तिघं मेले, तीसहून जास्त जखमी झाले. बड्या संघांच्या ड्रायव्हरनी त्या रॅलीत पुढे गाडी चालवायलाच नकार दिला. त्याच मोसमात आणखी बळी गेले आणि त्या जातीच्या अतिवेगवान गाड्या पुढच्या वर्षापासून स्पर्धेतून बंद झाल्या.

जाळी, खडी आणि स्वयंसेवक

इथे थोडं गणित लागतं. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. ताशी ३०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ८३ मीटर जाते. डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत ती वीस-पंचवीस मीटर पुढे आलेली असते. 'गाडी येताना दिसली की बाजूला होऊ' हा हिशेब इथे चालतच नाही. म्हणून बदल झाला तो माणसाच्या चपळाईवर विसंबणं सोडून.

पहिली गोष्ट अंतर. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोकळं रान ठेवतात, त्यात जाड खडी पसरतात. गाडी त्यात रुतते आणि वेग मरतो. नदीच्या वाळूत ट्रॉली रुतते तसं. त्यामागे टायरचे थर, लोखंडी कठडे, आणि प्रेक्षकांसमोर माणसाच्या जवळपास दुप्पट उंचीची पोलादी दोर ओवलेली जाळी. मोन्झाच्या लांब पट्ट्यांवर १९७२ मध्ये मुद्दाम आडवी-तिडवी वळणं घातली, वेग तोडायला. गाडीचं चाक सुटून उडू नये म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी चाकं आतून दोराने बांधायला सुरुवात झाली.

तरीही २००० मध्ये मोन्झातच सुटलेलं चाक लागून ट्रॅकवरचा एक मार्शल गेला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात जाळीत ठेवलेल्या फटीतून चाक गेलं आणि आणखी एका मार्शलचा जीव गेला. त्यानंतर दोर वाढले, फटी छोट्या झाल्या. मार्शल म्हणजे कडेला उभं राहून झेंडे दाखवणारी, आग विझवणारी, मोडकी गाडी हटवणारी माणसं. ही बहुतेक स्वयंसेवक असतात, म्हणजे मुळात चाहतेच. कुणी शिक्षक, कुणी मेकॅनिक, सुट्टी काढून, प्रशिक्षण घेऊन येतात. पिवळा झेंडा दाखवला की वेग कमी करायचा आणि ओलांडायचं नाही, लाल दाखवला की सगळं थांबतं. जगज्जेत्या ड्रायव्हरलाही या माणसाचा झेंडा मानावा लागतो. तिफोसींच्या गोंगाटात यांचं नाव कुणी घेत नाही, पण या खेळात सगळ्यात मोठा नाद यांचाच आहे.

मग सुरुवातीच्या त्या व्हिडिओतला लोंढा ट्रॅकवर कसा येतो? शेवटची गाडी आत गेल्यावर. आयोजक गेट उघडतात तेव्हाच. हा क्रम चुकला की काय होतं ते २०२३ मध्ये मेलबर्नला दिसलं. शर्यत अधिकृतपणे संपायच्या आतच लोक कुंपण ओलांडून ट्रॅकवर आले आणि बंद पडलेल्या एका गाडीपर्यंत पोचले. तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. आजच्या या गाड्यांत मोठी बॅटरी असते. लाल दिवा म्हणजे गाडीत वीज उतरलेली असू शकते, हात लावू नका. लोकांना ते माहीतच नव्हतं. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. आयोजकांवर ठपका आला आणि गर्दी आवरण्याची नवी योजना मागवली गेली.

घाटाच्या कडेला

भारतात फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली. पहिल्याच वर्षी सरावाच्या वेळी ट्रॅकवर एक कुत्रं घुसलं आणि सराव थांबवावा लागला, त्याची जगभर चर्चा झाली. नंतर करांच्या वादात शर्यत गेली ती परत आली नाही.

आपली मोठी शर्यत बैलगाड्याचीच. २०१४ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर केलेलं शिक्कामोर्तब, हे सगळं चाहत्यांना तोंडपाठ आहे. या सगळ्या वर्षांत वाद झाला तो बैलांच्या हालांवर आणि तो व्हायलाच हवा होता. प्रेक्षकाच्या जिवाची चर्चा मात्र क्वचितच होते. बैल बिथरून गर्दीत घुसल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. दोन खिलार बैल मिळून पाऊण टनाच्या वर भरतात, त्यात गाडा आणि वेग वेगळा. आणि लोक उभे असतात ते धावपट्टीला खेटून, मोबाईल पुढे करून.

मोन्झाइतका खर्च कुठल्याच यात्रा कमिटीला परवडणार नाही आणि तेवढा लागतही नाही. पण ज्याला आवरता येत नाही ते सरळ जातं, हा नियम मोटारीला आणि बैलाला सारखाच. त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि जिथे गाडा थांबायचा असतो त्याच्या थेट समोर कधीच उभं राहू नये. गर्दी मात्र नेमकी तिथेच सगळ्यात जास्त असते, कारण निकाल तिथेच लागतो. मोबाईलच्या पडद्यातून बघणाऱ्याला जवळ आलेलं संकट लांब वाटतं, हेही लक्षात ठेवावं. पोरं खांद्यावर असतील तर मागेच थांबावं, आणि ॲम्ब्युलन्सची वाट मोटारसायकली लावून बंद करू नये.

ॲम्ब्युलन्सच्या बाबतीत फॉर्म्युला वनचा नियम कडक आहे. जखमीला वेळेत दवाखान्यात नेता येणार नसेल तर गाडी ट्रॅकवर सोडायचीच नाही. ९ ऑक्टोबर २०२० ला जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगवर धुकं पडलं आणि हेलिकॉप्टरला उडता येईना. त्या दिवशी मिक शूमाकर पहिल्यांदाच फॉर्म्युला वनच्या सरावात गाडी चालवणार होता. बाप मिखाएल सात वेळा जगज्जेता, आणि मैदान घरचं. गाडी तयार होती, पोरगं तयार होतं. दोन्ही सराव रद्द झाले आणि दिवसभरात ट्रॅकवर एक फेरीही झाली नाही.